सोफ्याची डावी बाजू

गवसणीबाईंच्या घरात उघडं असं काही नव्हतं. फ्रिजला खोळ होती, आणि फ्रिजच्या हँडलला वेगळी. शिलाई मशीनला तीन होत्या: एक रोजची, एक रविवारची, आणि या दोन्ही धुवायला गेल्या की घालायची तिसरी. रेडिओच्या खोळीला पुढून झडप होती. बातम्यांच्या वेळी ती वर करायची आणि हवामान सांगून झालं की खाली सोडायची. छत्रीला मुळात एक पिशवी असतेच, पण त्या पिशवीलाही बाईंनी पिशवी शिवली होती. मूळची पिशवी हरवली तर तशी पुन्हा मिळत नाही, हे त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं.

लोक हसत, पण बेताने. कारण हसणाऱ्यांच्या घरातल्या खोळीही बाईंनीच शिवलेल्या असत. खोळी शिवणं हा त्यांचा धंदा होता आणि त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. वस्तू न बघता, नुसती तिची खोड ऐकून त्या कापड बेतत. "झाकण डावीकडे उघडतं की वर?" एवढंच विचारायचं आणि कात्री चालवायची. मापात दोन बोटं जास्त सोडायची, ही त्यांची पद्धत. कापड वस्तूला घट्ट बसलं की घासतं, आणि घासलं की खातं, असं त्या शिकायला येणाऱ्या मुलींना सांगत. मुली महिन्याभरात पळून जात, कारण पहिला महिना त्यांना स्वतःच्या कात्रीची खोळ शिवण्यात घालवावा लागे.

चर्चचे पाळकसाहेब एकदा म्हणाले होते, बाई, आता तुम्ही फक्त आकाशालाच गवसणी घालायची बाकी आहे. बाईंनी ते मनावर घेतलं नाही. माप आणून द्या, म्हणाल्या. पाळकसाहेबांनी आपल्या मोटारसायकलच्या खोळीत हातमोज्यांसाठी एक खिसा करून घेतला आणि ते निघून गेले.

या सगळ्यामागे बाईंची एक श्रद्धा होती, आणि ती त्यांच्या मते थेट वरून आलेली होती. आपलं म्हणून आपल्याकडे काहीच नसतं. जे आहे ते देवाने काही दिवसांसाठी आपल्या ताब्यात दिलेलं असतं. एक दिवस तो ते मागणार. शेजारणीचं पातेलं आपण घासूनपुसून परत देतो, मग देवाचं देताना त्यावर ओरखडा असून कसं चालेल? त्यामुळे लोभी, संग्रही असं कोणी म्हटलं की बाईंना मनापासून आश्चर्य वाटे. त्यांना वस्तूंचा लोभ नव्हताच. त्या फक्त राखणीला बसल्या होत्या.

या राखणीतली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे बाहेरच्या खोलीतला सोफा.

सोफा बाईंच्या नवऱ्याने आणलेला. ते बसचे कंडक्टर होते. एकतीस वर्षं चालत्या बसमध्ये, एक खांदा खांबाला टेकवून उभे राहिले. बसमध्ये पन्नास माणसांची बसायची सोय, पण त्यांतली एकही जागा त्यांची नव्हती. निवृत्त झाले त्या आठवड्यात ते कोणाला न विचारता गेले आणि टेम्पोत घालून सोफा घेऊन आले. रुंद हातांचा, खोल पाठीचा, तीन माणसांचा. तो भिंतीला लागल्यावर त्यांनी हात झटकले आणि म्हणाले, "आता बसणार."

"बसा की," बाई म्हणाल्या. "आधी माप घेऊ द्या."

माप घेतलं गेलं आणि बसणं राहिलं. कारखान्यातून आलेलं प्लास्टिक बाईंनी तसंच राहू दिलं. त्यावर जुन्या चादरी दुहेरी करून शिवलेली आतली खोळ आली. त्यावर जाड सुती. त्यावर दिसायला बरी म्हणून फुलाफुलांची, खाली झालर लावलेली. मग उशा आल्या, आणि त्या अशा ओळीने मांडल्या गेल्या की मध्ये एका मांजरापुरती जागा उरली. मांजर त्यांनी पाळलेलं नव्हतं.

काहीतरी खास असलं की काढू, असं ठरलं होतं. खास म्हणजे काय, याचा हिशोब बाईंच्या मनात थरांवर होता. बिशपसाहेब घरी येऊन गेले तेव्हा वरची फुलाफुलांची निघाली होती. आतल्या दोन काढण्याच्या योग्यतेचा पाहुणा सात वर्षांत आला नाही, आणि प्लास्टिक कोणासाठी निघणार याविषयी बोलायलाच नको. फार तर देवदूतासाठी, तेही पाय पुसून आला तर.

कंडक्टर लोखंडी घडीच्या खुर्चीवर बसत. पण कुरकूर म्हणून केली नाही माणसाने. उलट निवृत्तीनंतर त्यांचा स्वभाव उजळलाच होता. दर गुरुवारी बाई तयार खोळी घरोघर पोचवायला निघत, तेव्हा ते दारापर्यंत पिशव्या घेऊन येत, कुठली बस घ्यायची ते सांगत, गर्दीच्या बसने जाऊ नकोस म्हणत. ते सुचवत ती बस खरंच रिकामी असे, कारण ती सगळ्या गावाला वळसा घालून जात असे. सावकाश ये, म्हणत. आणि सोफ्याच्या आतल्या खोळी काढून झटकण्याचं कामही त्यांनी आपणहून मागून घेतलं होतं. जड काम आहे, तू वाकू नकोस. शेजारणी म्हणत, असा नवरा मिळायला नशीब लागतं. बाईंनाही तसंच वाटे.

चार वर्षांपूर्वी, तीन दिवसांच्या तापाने, ते दवाखान्यातच वारले.

त्या दिवशी घरात माणसं आली ती चर्चमधून आणलेल्या खुर्च्यांवर बसली. बाई भिंतीशी उभ्या होत्या आणि समोर फुलाफुलांची खोळ होती. एकदम त्यांच्या मनात आलं, काढाव्यात सगळ्या. मग आलं, आता कोणासाठी. त्या दिवसापासून वरची खोळ महिन्याच्या महिन्याला धुतली जाई, पण आतल्यांना त्यांनी हात लावला नाही. कारण हात घातला असता तर आत एक नवाकोरा, कोणीही न बसलेला सोफा निघाला असता. एकतीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाचा. तो बघायची बाईंची तयारी नव्हती. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं, प्रार्थनेतसुद्धा नाही. प्रार्थनेत त्या बाकी सगळं सांगत, अगदी दोऱ्याच्या रिळांची प्रत घसरल्याचंही.

आणि अशा घरात त्यांचा धाकटा भाऊ पाय मोडून आला.

भाऊ सामान हलवण्याच्या धंद्यात होता. तीस वर्षं त्याने लोकांची घरं जिन्यावरून उतरवली आणि दुसऱ्या जिन्यावर चढवली. त्यामुळे वस्तू या प्रकाराविषयी त्याचं मत पाठीतून आलेलं होतं. लोक घर बदलतात असं म्हणतात ते खोटं, तो म्हणे, घर तेच असतं, फक्त जिना बदलतो. लग्न केलं नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहिला, आणि हातात आलेलं सगळं देऊन टाकत आला. खाट दिली, कोट दिला, घड्याळ दिलं. घड्याळ दिल्यावर उपासनेला उशिरा येऊ लागला आणि उशिराचं कारण मोठ्या समाधानाने सांगू लागला. माझ्याकडे काही नाही, हे वाक्य तो अशा थाटात उच्चारी की ऐकणाऱ्याला वाटावं याच्या नावावर तीन वाडे आहेत.

एका गृहस्थाने कपाट रिकामं करायला नकार दिला होता. जसं आहे तसंच हलवा म्हणाला. जिन्याच्या वळणावर दोरी सुटली. "माझ्या पायावर एका माणसाची चाळीस वर्षं पडली, ताई," भावाने दवाखान्यात सांगितलं. डॉक्टरांनी सहा आठवडे पाय सरळ ठेवायला सांगितला होता. जिना चढायचा नाही, जमिनीवर बसायचं नाही. तिसऱ्या मजल्याची खोली आपोआप बाद झाली. बाईंचं घर तळमजल्यावर होतं.

पण तिथे त्याला निजवायचं कुठे? आतल्या खोलीत बाईंची अरुंद कॉट, तीही भिंत आणि कपाट यांच्यात अशी बसवलेली की प्लास्टरचा पाय आत जाईना. बाईंनी सगळं घर नजरेने मापलं. नजर सोफ्यावर आली, तिथून न थांबता पुढे गेली आणि कापड बेतायच्या टेबलावर स्थिरावली. सहा फूट लांब, सपाट, भक्कम. वर दोन गोधड्या घातल्या की झालं.

भावाला दोन माणसांनी उचलून टेबलावर ठेवलं. तो छताकडे बघत राहिला. खाली बाईंनी त्याच्या अंगावर चादर ओढली, कडा सरळ केल्या, सवयीने एक सुरकुती तळहाताने काढली.

"ताई," तो म्हणाला, "खडूने खुणा तेवढ्या करू नकोस."

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी त्याने सोफ्याचं नाव काढलं. झोपायला नको, तो म्हणाला, नुसता बसेन आणि पाय खुर्चीवर ठेवेन.

त्यावर कोणी बसत नाही, असं बाईंनी सांगितलं.

"डावीकडे बसेन. तिथे जरा दबतो, पाठ बरोबर..." आणि तो मध्येच थांबला.

"तुला काय माहीत कुठे दबतो?"

"सगळेच सोफे डावीकडे दबतात," तो घाईने म्हणाला. "तीस वर्षं उचलतोय."

बाईंना ते पटलं. धंद्यातल्या माणसाच्या शब्दाला त्या मान देत.

आठवडाभरात बहीणभावांचं पटेनासं झालं. टेबल गेल्यामुळे बाई जमिनीवर कापड पसरून बेतू लागल्या, त्यांचे गुडघे बोलू लागले, आणि गुडघ्यांबरोबर त्याही. भावाची पाठ लाकडाने धरली. त्यात त्याची देण्याची खोड टेबलावर आडवं पडूनही गेली नाही. दारात कोणीतरी नवीन बिऱ्हाड करणारं जोडपं पत्ता विचारायला आलं, तर त्याने त्यांना बाईंची जादा किटली देऊन टाकली. हात पोचत होता म्हणून.

बाईंनी विचारलं, ती काय तुझी होती?

"खोळ ठेवून घेतली ना मी," भाऊ दुखावल्या स्वरात म्हणाला. "तुझी मेहनत होती त्यात."

किटलीच्या आकाराची रिकामी खोळ चार दिवस फडताळावर उभी होती. बाई तिच्याकडे बघत आणि सुस्कारा सोडत.

खरी घाई चर्चच्या बाकांची होती. जुने लाकडी बाक जाऊन गाद्या बसवलेले नवे आले होते, आणि त्यांच्या वीस खोळी बाईंना रविवारपर्यंत द्यायच्या होत्या. कमिटीतल्या एकाने गाद्यांवरचं प्लास्टिक काढायचं का, असं विचारलं. बाईंनी त्या माणसाकडे असं पाहिलं की तो कमिटीतून राजीनामा देईल की काय असं वाटलं. प्लास्टिक राहिलं, त्यावर सुती खोळी चढल्या. शनिवारी संध्याकाळी बाईंनी शेवटची नाडी बांधली. बाक देखणे दिसत होते. प्रभूचं घर, त्याच्या वस्तूंना डाग लागणार नव्हता.

रविवारी सकाळी भावाला टेबलावर नीट ठेवून, हाताशी पाणी ठेवून, देण्यासारखं काही हाताशी नाही ना हे दोनदा तपासून बाई निघाल्या.

उपासना सुरू झाली आणि पहिलीच माणसं बसली तशी बाकांनी 'कर्र' असा आवाज केला. थोडं हसू झालं. पुढे गाणं होतं, त्यात ते खपून गेलं. पण उपदेशाला शांतता झाली तेव्हा सगळं उघड पडलं. मंडळी उपदेशात किती चुळबुळ करते, हे इतकी वर्षं कोणाला माहीत नव्हतं. आता प्रत्येक मांडी बदलल्याची वर्दी लागत होती. तिसऱ्या रांगेतले निवृत्त मास्तर डोळे मिटून मनन करतात असा सगळ्यांचा समज होता. त्यांच्या खालून कर्र, थोडा दम, कर्र असा संथ, घोरण्याच्या तालातला आवाज येऊ लागला आणि वीस वर्षांचा लौकिक गेला. त्यात उकाडा. लोक खोळीला चिकटत होते आणि खोळ प्लास्टिकवरून घसरत होती. त्यामुळे पुढच्या रांगेतलं एक अख्खं कुटुंब हळूहळू डावीकडे निघालं होतं.

पाळकसाहेबांनी विषय घेतला होता तो त्या नोकराचा, ज्याच्याजवळ मालकाने परदेशी जाताना आपला ऐवज सोपवला. बाकीच्यांनी आपापला वाटा कामाला लावला, वाढवला. याने मात्र आपलं नाणं फडक्यात गुंडाळून जपून ठेवलं आणि मालक आला तसं जसंच्या तसं पुढे केलं. कर्र. मालक खूश झाला नाही. कर्र, कर्र.

बाई ताठ बसल्या. ही गोष्ट त्यांनी शंभरदा ऐकली होती, पण फडक्याचा उल्लेख असा कानात कधी शिरला नव्हता. त्यांना त्या नोकराविषयी एकदम माया वाटली. गोष्टीतला तेवढा एकच माणूस त्यांच्या व्यवसायातला होता.

प्रार्थनेसाठी सगळे उठले तेव्हा सबंध चर्चने दीडशे माणसांएवढा सुस्कारा सोडल्यासारखा आवाज झाला.

उपासनेनंतर बाईंनी पाळकसाहेबांना दाराशी गाठलं. बाकांबद्दल बोलतील म्हणून ते समजुतीचा चेहरा करून उभे राहिले. पण बाईंना नोकराचं विचारायचं होतं. त्याने हरवलं नाही, खर्चलं नाही, खोटं बोलला नाही. फडकंही स्वच्छच घेतलं असणार. मग मालकाला राग कशाचा?

"फडक्याबद्दल मालकाची तक्रार नव्हती, बाई," पाळकसाहेब म्हणाले. मंडळी पांगत होती, कोणीतरी आपला सदरा पाठीपासून सोडवत होतं. "त्या नोकराला वाटत होतं, मालक कडक आहे, वस्तू बघेल आणि हिशोब मागेल. मालकाला वस्तू बघायचीच नव्हती. आपण दिलं ते या माणसाच्या उपयोगी पडलं का, एवढंच विचारायचं होतं त्याला. आणि याने तर ते भीतीपोटी उघडलंही नव्हतं."

बाईंनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, बस चुकेल म्हणून. बस आली ती नेहमीची, वळसा घालून जाणारी. बसायला जागा होती. तरी बाई खांबाला खांदा टेकवून उभ्या राहिल्या, आणि का उभ्या आहोत हे त्यांना उतरेपर्यंत कळलं नाही.

घरी आल्या तर टेबल रिकामं होतं.

भाऊ जमिनीवर होता. सोफ्याला पाठ लावून नव्हे, सोफ्यापासून वीतभर अंतरावर, उताणा. कुशीवर वळायला गेला आणि टेबल संपलं. दीड तास झाला होता. पाय शाबूत होता, प्लास्टरही. फक्त उठता येत नव्हतं, आणि उन्हाची तिरीप सरकत सरकत त्याच्या कपाळावर आली होती.

बाई त्याच्याशेजारी बसल्या. अरे, एवढा सोफा हाताशी होता, त्या म्हणाल्या, त्याची खोळ धरून वर व्हायचं होतंस.

"धरणार होतो," भाऊ म्हणाला. "मग म्हटलं, फाटायची. तुझी टीप कच्ची नसते, ताई, पण माझं वजन पक्कं आहे."

झालरीला हात लागला असता इतक्या जवळ त्याचा हात पडलेला होता. बाई त्या वीतभर अंतराकडे बघत राहिल्या. मापात दोन बोटं सोडावीत हे त्यांना माहीत होतं. एक वीत कोणी आपल्या धाकापोटी सोडावी, हे त्यांच्या बेताबाहेरचं होतं.

भाऊ मात्र व्यवहारावर आला होता. संध्याकाळी टेम्पोवाल्या मित्राला निरोप दे, तो म्हणाला, त्याच्या गोदामात एक खोका आहे, मऊ भुसा भरलेला, मी तिथे राहीन. तुझ्या टेबलाचा खोळंबा नको.

"थांब," बाई म्हणाल्या.

त्यांनी उशा उचलल्या आणि जमिनीवर टाकल्या. फुलाफुलांची काढली. तिच्या नाड्या त्यांच्याच हातच्या, सुटसुटीत. मग जाड सुतीला हात घातला, चार वर्षांत पहिल्यांदा. त्या सोफ्याकडे बघतही नव्हत्या, मान वळवून नुसत्या हाताने चाचपडत होत्या, जखमेवरची पट्टी काढताना बघू नये तसं.

गाठ सुटेना. बाईंनी खाली पाहिलं. गाठ त्यांची नव्हती. दोरा दोनदा फिरवून, टोक आत खोचून, एका ओढीत सुटेल अशी ती गाठ तिकिटांचे गठ्ठे बांधायची होती. उजवीकडच्या सगळ्या नाड्या बाईंच्या पद्धतीने बांधलेल्या होत्या, चार वर्षं, अकरा वर्षं, कोण जाणे किती दिवस न सुटलेल्या. डावीकडच्या सगळ्या कंडक्टरांच्या होत्या.

त्यांनी टोक ओढलं. खोळ सरकन उतरली. आतली चादरींची खोळही तशीच. खाली प्लास्टिक होतं, आणि डाव्या बाजूला प्लास्टिकला एक दार होतं. तीन बाजूंनी ब्लेडने कापलेलं, सरळ रेषेत, आणि कडांना चिकटपट्टी लावलेली, म्हणजे उघडताना चीर जाऊ नये. काम इतकं नीटनेटकं होतं की बाईंनी स्वतः केलं असतं तर असंच केलं असतं.

दार उघडलं. आतलं कापड हिरवं असल्याचं बाईंना आठवत होतं. ते निळं होतं. म्हणजे इतर ठिकाणी निळं, आणि इथे मधोमध झिजून पांढुरकं पडलेलं. बैठकीत एका माणसाचा, चांगला पसरून बसणाऱ्या माणसाचा खड्डा होता. सांध्यात बिस्किटांचा चुरा होता, एक पेन्सिल होती, आणि रुंद हातावर चहाच्या कपाचं तपकिरी गोल वळं, एकावर एक उमटून गडद झालेलं.

इतकी वर्षं त्या मालकाचं नाणं फडक्यात जपून राहिल्या होत्या, आणि दर गुरुवारी कोणीतरी ते मागच्या दाराने बाजारात फिरवून, चहा पाजून, पुन्हा फडक्यात आणून ठेवत होतं.

मग त्यांचं लक्ष शेजारी गेलं.

"आणि हा दुसरा खड्डा कोणाचा?"

भावाने छताकडे बघायला सुरुवात केली. जमिनीवरून छत लांब होतं, तरी तो बारकाईने बघत होता.

"भावजींनी शपथ घातली होती," तो शेवटी म्हणाला. "ताईला वाईट वाटेल म्हणाले. तू गेलीस की ते मला हाक मारायचे. सात वर्षं, दर गुरुवारी. तुझी बस कोपऱ्यावर दिसली की मी खोळ चढवायचो आणि ते गाठी मारायचे. दीड मिनिटात सगळं पूर्ववत. एकदा बिस्किटाचा पुडा राहिला होता उशीखाली. तू म्हणालीस, उंदीर असेल."

"मी पिंजरा लावला होता," बाई म्हणाल्या.

"हो. भावजींनी त्यात स्वतः चीज ठेवलं होतं. उंदराला काहीतरी मिळावं म्हणाले, त्याचं नाव विनाकारण बद्दू झालंय."

बाईंच्या तोंडून एक आवाज निघाला. भाऊ घाबरला, त्याला वाटलं रडतायत. त्या रडतही होत्या, पण ते हसण्याच्या आत कुठेतरी होतं, अस्तरासारखं. फसवल्याचा राग यायला हवा होता, तो त्यांनी मनात शोधला आणि सापडला नाही. त्या जागी एकच प्रश्न होता.

"पाय वर घेऊन बसायचे का रे?"

"दोन्ही," भाऊ म्हणाला. "चपला काढून, मांडी घालून. आणि डोळे मिटून म्हणायचे, कोणी उतरणारं आहे का? नाही? मग जाऊ द्या पुढे."

शेजारच्या दोघांना बोलावून बाईंनी भावाला सोफ्यावर चढवलं, त्याच्या स्वतःच्या खड्ड्यात. पाय घडीच्या खुर्चीवर ठेवला. शेजाऱ्यांपैकी एकाने दबकत विचारलं, खोळ खाली घालायची का? बाई नको म्हणाल्या. शेजारी घरी जाऊन बायकोला सांगेपर्यंत त्याचा स्वतःवर विश्वास बसला नाही.

एवढ्याने माणूस बदलतो असं नाही. सोफ्याची फुलाफुलांची खोळ बाईंनी धुऊन, इस्त्री करून, घडी घालून एका पिशवीत ठेवली, म्हणजे शेवटी खोळीलाच खोळ घातली. भावाला त्यांनी बजावून सांगितलं की किटली त्याची नव्हती, आणि दुसऱ्याचं देऊन टाकणारा दानशूर नसतो, नुसता सैल हाताचा असतो. ते त्याने पहिल्यांदाच निमूट ऐकून घेतलं, कारण मऊ जागेवर बसून वाद घालता येत नाही. पुढच्या शनिवारी बाई कात्री घेऊन चर्चमध्ये गेल्या आणि वीसही बाकांचं प्लास्टिक काढून आल्या. रविवारी इतकी शांतता झाली की पाळकसाहेबांचा धागा दोनदा सुटला, आणि तिसऱ्या रांगेतल्या मास्तरांचं मनन पूर्ववत सुरू झालं.

पण त्या रविवारी, सोफा उघडला त्याच संध्याकाळी, बाईंनी चहा केला. भावाला त्याचा दिला. स्वतःसाठी कप काढताना त्या जरा थबकल्या, मग वरच्या फळीवरची छोटी गवसणी खाली घेतली. कंडक्टरांचा मोठा कप चार वर्षं तिच्यात होता. तो विसळून त्यांनी भरला.

सोफ्याच्या डाव्या बाजूला त्या आधी कडेवर टेकल्या, पाहुण्यांच्या घरी बसावं तशा. मग मागे सरकल्या. मग, भाऊ खिडकीबाहेर बघतोय अशी खात्री करून, एक पाय वर घेतला आणि थोड्या वेळाने दुसरा. कप ठेवायला बशी आणली नव्हती. उठायचा कंटाळा आला. त्यांनी तो सोफ्याच्या हातावर, त्या तपकिरी वळ्यावर ठेवून पाहिला.

माप तंतोतंत होतं. दोन बोटं सोडायलाही जागा नव्हती.